आखाडातून वाचलेला कोंबडा

आमच्या गावात वळूला नाव होतं, बैलाला नाव होतं, दुभत्या म्हशीला तर दोन-दोन नावं होती. कोंबड्याला नाव नव्हतं. कोणाची गाय कोणत्या गोऱ्ह्याची, त्याचा बाप आर्वीकडून आणलेला गवळाऊ होता की इथलाच, हे चावडीवरचा कोणताही म्हातारा तीन पिढ्यांपर्यंत सांगे. गल्लीत फिरणाऱ्या पन्नास कोंबड्यांचा बाप कोण, हे मात्र कोणी विचारत नसे. गाईचा इतिहास पुरुष सांगत, म्हणून तो राहिला. कोंबडीचा बायांच्या हाती होता. मी लिहितो आहे ते बरंचसं आजीच्या तोंडून ऐकलेलं, थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि उरलेलं पुढे पुस्तकांत सापडलेलं.

गाव दर्यापूर-मूर्तिजापूरच्या मधलं, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती जिल्हा सरतो आणि अकोला लागतो तिथलं. कापूस, ज्वारी, तूर. विहिरीचं पाणी खारट. कोंबड्या सगळ्याच घरी नसत. माळकऱ्याच्या घरी नसत, महानुभावांच्या घरी तर नसतच. त्यांचं रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात. कोंबड्या असत त्या बौद्धवाड्यात, मुसलमानांच्या मोहल्ल्यात, पारध्यांच्या बेड्यावर आणि काही कुणब्यांच्या परसात. आमचे आबाजी माळकरी, आणि तरी मागच्या कुडाजवळ आजीचं खुराडं होतं. आबाजींनी ते आयुष्यभर पाहिलं नाही, म्हणजे पाहून न पाहिल्यासारखं केलं. कापसाची पट्टी त्यांच्या हाती येई. अंड्यांचे पैसे आजीच्या कनवटीला. मीठ-मिरची, बांगड्या, पोरांच्या पाट्या-पेन्सिली, लेकीकडे जायचं मोटारभाडं, हे सगळं कनवटीतून निघे. घरात आजीला हिशेब न विचारता खर्च करता येईल असा तो एकच पैसा होता.

आता या कोंबड्यांचं वर्ष कसं असे ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पावसाळ्यातली पिल्लं जगत नसत. ओल, किडे, मुंगूस. म्हणून आजी खुडूक कोंबडी बसवायची ती दिवाळीनंतर. टोपल्यात कुटार आणि राख, त्यावर अकरा किंवा तेरा अंडी, एकवीस दिवस. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं निघत. गावठी कोंबडा सहा-सात महिन्यांत भरतो, बांग देतो. म्हणजे हिशेब करा : तो तयार होतो नेमका आखाडात. श्रावण लागायच्या आधी घरोघरी खाणं व्हायचं, देवीला कोंबडा पडायचा, जावई यायचे. मग कोणता कोंबडा कापायचा? जो सगळ्यात आधी भरला, ज्याच्या छातीला मांस चढलं, तो. त्यातून जे वाचले त्यांच्यातले दोन पोळ्याच्या करीला. दिवाळीपर्यंत गल्लीत उरायचा तो उशिरा वाढलेला, उंच पायांचा, छातीचं हाड टोचणारा एखादा नर. पुढच्या हिवाळ्यातल्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच.

डार्विनने पाळीव प्राण्यांवर 1868 साली मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोंबड्यांवर एक सबंध प्रकरण आहे. माणूस चांगलं जनावर जपतो, हलकं आधी मारतो. मनात वाण सुधारायचा हेतू नसला तरी पिढ्यान्‌पिढ्या वाण सुधारत जातो, असं त्याचं म्हणणं. याला तो अजाणता केलेली निवड म्हणतो. वाचताना मला हसू आलं. आमच्याकडे निवड अजाणताच होती, फक्त उलटी. चांगला आधी कापायचा आणि हलका ठेवायचा. डाकबंगल्यावरचा खानसामाही तेच करी. साहेब उतरला की गावातला तगडा कोंबडा जायचा. चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या गावांनी तर हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलं असेल. बाजारातला व्यापारीही मांडीच चाचपून पाही.

बरं, चांगला नर राखावा तर कोणी? गावचा वळू सगळ्या गावाचा असे. तो कोणाच्या वावरात शिरला तरी त्याला हाकलत, मारत नसत. कोंबडाही सगळ्या गल्लीचाच. तो फिरे दहा घरच्या कोंबड्यांत, पण दाणे खाई एकाच घरचे. पिल्लं दहा घरी निघत आणि राखणारणीच्या पदरात काही पडत नसे. कोंबडी बटईनं देत, पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घेत. त्याची रीत होती. कोंबड्याची बटई कोणी ठरवलीच नाही. त्यामुळे प्रत्येकीला वाटे, शेजारणीनं राखावा. सरकारी समित्यांनी गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते म्हणून तिला नावं ठेवली. ती का देते तेवढीच, याचं निम्मं उत्तर या न ठरलेल्या बटईत होतं असं मला वाटतं.

आजी मात्र राखायची. तिची पारख अशी : “कोंबडा पाहू नोको, त्याची माय पाय.” ज्या कोंबडीनं तेरापैकी अकरा पिल्लं काढली, घारीवर झेप घेतली, दोन महिने पिल्लांना पंखाखाली धरलं, तिचाच नर ठेवायचा. मग त्याच्याकडे पाहायचं. पाय पिवळे आणि एकमेकांपासून फाकलेले हवेत; गुडघ्याला गुडघा घासणारा नको. नखं सरळ, चोच वाकडी नको. दाणे टाकले की आधी स्वतः खाणारा नको. चोचीत दाणा उचलून टाकणारा, कुट्‌कुट्‌ करून कोंबड्यांना बोलावणारा हवा. लेकरांच्या अंगावर धावणारा कितीही देखणा असो, त्याची आखाडी ठरलेली. पांढरा नको; घारीला तो अर्ध्या कोसावरून दिसतो.

कधी मात्र इलाज नसे. पाहुणे दारात आणि राखलेलाच नर कापावा लागे. तेव्हा आजी पुढच्या आठ दिवसांची अंडी वेगळी ठेवी. “मेला तरी आठ दिस त्याचंच चालते,” म्हणायची. पुढे मी वाचलं की कोंबडीच्या अंगात नराचं बीज आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही टिकतं. आजीला हे कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

देवाचाही यात हात होता. नवसाचा कोंबडा एकदा बोलला की विकता येत नसे, पाहुण्यासाठी कापता येत नसे. आणि तो निर्दोष लागे : तुरा फाटका नको, बोट तुटकं नको, डोळा गेलेला नको. जत्रा लांब असली की असा धडधाकट नर सात-आठ महिने गल्लीत मोकळा फिरे. शेवटी तो जायचाच, पण जाण्याआधी गल्लीचं भलं करून जायचा. मला नवस-सायासाचं कौतुक नाही. पण आमच्या गल्लीत चांगल्या नराला आखाडापासून वाचवणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, एक म्हसोबा आणि दुसरी आमची आजी.

तिसरी निवड मरीची. उन्हाळ्याच्या तोंडी मानमोडी यायची. कोंबडी मान वळवून गरगर फिरे आणि पडे. आठ दिवसांत गल्ली रिकामी. इंग्रज अमदानीत, 1927-28 च्या सुमारास, या रोगाची नोंद कुमाऊंच्या पहाडात राणीखेतला झाली, म्हणून पुस्तकांत तो राणीखेत. लस निघाली ती चाळिशीच्या दशकात. आमच्या गावात पोहोचायला आणखी पंचवीस वर्षं लागली. मरीतून दोन-तीन वाचत, त्यांच्यावर पुन्हा सगळं उभं राही. एकाच नरावर सारी गल्ली, मग त्याच्याच लेकींवर तोच नर. तिसऱ्या वर्षी तेरा अंड्यांतून सहाच पिल्लं निघत. जवळच्या नात्यात लावत गेलं की वाण दुबळा पडतो, हे इंग्लंडातल्या सर जॉन सेब्राइटनं 1809 सालीच छापून ठेवलं होतं. आमच्या बाया म्हणत, “रगत थंड झालं.” मग कोणी माहेराहून, कोणी बाजारातून नवा कोंबडा आणी.

साठीच्या दशकात मी मराठी शाळेत असताना सरकारी कोंबडा आला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मुंबईच्या आरे वसाहतीसारख्या ठिकाणी मोठी कुक्कुटपालन केंद्रं निघाली होती. विलायती वाण वाढवायचा, त्याचे नर खेड्यांत द्यायचे आणि गावठी नर काढून टाकायचे, अशी ती कल्पना. आमच्याकडे आलेला व्हाइट लेगहॉर्न होता. पांढराशुभ्र, पिवळे पाय, लालभडक उभा तुरा. अख्खी शाळा पाहायला गेली. साहेबांनी सांगितलं, गल्लीत गावठी नर एकही ठेवू नका. सगळ्यांनी ऐकलं. आमच्या घरचा तांबडा आजीनं रात्रीतून टोपल्यात घालून बहिणीकडे धाडला, अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला.

योजना खोटी नव्हती, हे म्हटलं पाहिजे. त्या नराच्या लेकी खरंच जास्त अंडी घालायच्या. पहिल्या वर्षी आजीची कनवट कधी नव्हे ती जड झाली. लेगहॉर्नमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्या निवडल्या होत्या, कारण खुडूक बसली की अंडी बंद. जिथे उबवणी यंत्र आहे तिथे हे शहाणपणच. आमच्या गल्लीत यंत्र नव्हतं, कोंबडीच यंत्र होती. दुसऱ्या पिढीत, अर्ध्याहून जास्त रक्त विलायती झालं तेव्हा, दिवाळी आली आणि बसायला कोंबडीच मिळेना. ज्या बसल्या त्या दहा दिवसांत उठून गेल्या. अंडी गार. आजी शेजारणीला म्हणाली, “अंडे देते बाई, पन बसते कुठी? सरकारनं बाप देल्ला अन्‌ माय नेली.”

पांढऱ्या कोंबड्याला एका रात्री रानमांजरानं नेलं. त्याच आठवड्यात आजी मोटारीनं अकोटला गेली आणि टोपलं घेऊन आली. तांबडा तोवर म्हातारा झाला होता. तिनं आणला त्याचा मुलगा, पिवळ्या पायांचा. त्या पिवळ्या पायांची एक मौज सांगतो. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं की कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून आला असावा. हा राखी रानकोंबडा आपल्या दख्खनचा. मेळघाटात तो आजही ओरडतो.

आजीची ‘माय पाय’ ही रीतही अडाणी नव्हती. अमेरिकेत मेन संस्थानाच्या शेती केंद्रात 1898 पासून कित्येक वर्षं जास्त अंडी घालणाऱ्या कोंबड्या निवडून अंडी वाढवायचा प्रयत्न झाला. सरासरी काही वाढेना. पुढे रेमंड पर्ल या शास्त्रज्ञाने दाखवलं की नुसती एकेका कोंबडीची अंडी मोजून भागत नाही, त्यांची संतती कशी निघते ते पाहायला हवं. कोंबडा स्वतः अंडं घालत नाही. त्याची किंमत त्याच्या आईत, बहिणींत आणि लेकींत दिसते. आजी आईपर्यंत पोहोचली होती. लेकी मोजायला तिच्याजवळ वही नव्हती.

आता चित्र बदललं आहे. ब्रॉयलरनं आखाडातल्या खाण्याचा भार उचलला, गावठी अंड्याला दुप्पट भाव आला. जिल्हा परिषदेच्या योजनेत तलंगा मिळतात, म्हणजे अंड्यावर न आलेल्या माद्या : 25 माद्या आणि 3 नर असा गट. आठ माद्यांमागे एक नर, हे प्रमाण बरोबर आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनात, डिसेंबरात, कडकनाथच्या पिंजऱ्यासमोर सर्वांत जास्त गर्दी असते. कडकनाथ झाबुआचा, काळा दिसला की शुद्ध असं समजून लोक नर घेतात. पण काळेपणा संकराच्या लेकींतही बापाकडून उतरतो, त्यामुळे नुसता रंग पाहून वाण कळत नाही. विकणाऱ्याला त्याची माय दाखव म्हणावं. बहुतेक जण दाखवू शकत नाहीत.

गावी पुतण्याची बायको सध्या चाळीसेक कोंबड्या राखते. तिच्याजवळ वही आहे. बारा आठवड्यांचे नर ती किराणा दुकानाच्या काट्यावर तोलते आणि कोणत्या कोंबडीचा, किती पिल्लांतला, ते लिहिते. आखाड लागायच्या आधी निवडलेल्या नरांच्या पायाला लाल दोरा बांधते. दोरा असलेल्याला कोणी हात लावायचा नाही, जावई आला तरी. दर दोन वर्षांनी एक नर अकोटकडच्या नातलगांशी अदलाबदल होतो. यंदा पाच जणांच्या पायात दोरा होता. त्यातला सगळ्यात वजनदार पोरांच्या अंगावर धावतो म्हणून तिनं परवा त्याचा दोरा सोडला.