विम्याची मर्यादा आणि महागडें औषध

एकावर कोसळणारें संकट अनेकांनीं वांटून घ्यावें, हें विम्याचें मूळ तत्त्व होय. जेथें तें सर्वांत उपयोगी पडावयाचें तेथेंच कसें लंगडें पडतें, हें अमेरिकेंतील ‘मेडिकेअर’ या वृद्धांच्या विम्याच्या इतिहासावरून दिसून येतें.

अध्यक्ष जॉन्सन यांनीं १९६५ सालीं त्या कायद्यावर सही केली, तेव्हां इस्पितळाचा खर्च हाच माणसास धुळीस मिळविणारा खर्च समजला जाई. म्हणून इस्पितळांत दिलेलें वा डॉक्टरानें टोंचलेलें औषध विम्यांत आलें. घरीं घ्यावयाची गोळी बहुतेक बाहेर राहिली. ही उणीव भरून काढण्यास १९८८ सालीं कायदा झाला. परंतु त्याचा बोजा वृद्धांवरच, विशेषतः सधन वृद्धांवर पडल्यामुळें ओरड होऊन तो पुढच्याच वर्षीं रद्द झाला.

इकडे औषधांचें स्वरूप पालटत होतें. दुर्मिळ रोगांवर औषध काढणारास १९८३ च्या कायद्यानें सात वर्षांची मक्तेदारी मिळाली. २००१ सालीं रक्ताच्या एका कर्करोगावर ‘ग्लीव्हेक’ ही गोळी मंजूर झाली आणि तो रोग वर्षानुवर्षें आटोक्यांत राहूं लागला. मात्र गोळी महाग, आणि ती घ्यावयाची घरीं!

२००३ च्या कायद्यान्वयें २००६ पासून घरीं घ्यावयाच्या औषधांचाही विमा सुरू झाला. पण त्यांत अति महाग औषधांचा ‘स्पेशालिटी’ नांवाचा निराळा वर्ग करण्याची विमावाल्यांस मुभा होती. साध्या औषधास रोग्यानें बहुधा ठराविक अल्प रक्कम द्यावी. या वर्गांत किंमतीचा चौथा ते तिसरा हिस्सा. खर्च बराच वाढल्यावर हा वांटा शेंकडा पांचांवर येई, पण त्याला वरची सीमा नव्हती. लाख डॉलरांवर शेंकडा पांच म्हणजे पांच हजार!

रोग्यास कांहीं भार सोसावा लागला म्हणजे तो स्वस्त औषध निवडील, असें या रचनेचें समर्थन करण्यांत येतें. साध्या दुखण्यांत तें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या रोगास एकच औषध, तेथें निवड कसली? तेथें भार म्हणजे केवळ दंड.

शेवटीं २०२२ च्या कायद्यानें हा दंड आवरला. शेंकडा पांचांचा वांटा २०२४ सालीं गेला व २०२५ साठीं रोग्याच्या वार्षिक खर्चास २,००० डॉलरांची मर्यादा पडली. मर्यादेनें किंमत उतरत नाहीं. ती फक्त अनेकांत वांटली जाते. पण आमच्या मतें विम्याचें काम तेवढेंच आहे, आणि तेवढें करावयास त्यास साठ वर्षें लागलीं.