परसबागेतील पाठभेद

हस्तलिखितांच्या परंपरेविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बियाण्यांच्या परंपरेकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक दोहोंची जातकुळी एकच. पोथी नकलून घेतली नाही तर काही पिढ्यांत नष्ट होते. बी पेरले नाही तर काही वर्षांतच निर्जीव होते. दोन्हीकडे टिकणे म्हणजे पुन्हा पुन्हा उतरवले जाणे, आणि प्रत्येक उतरवणीत बदलाची शक्यता असतेच. अमेरिकेतील परसबागांत पिढीजात म्हणून नावाजलेल्या टोमॅटोच्या तीन वाणांची तुलना आम्ही येथे या दृष्टीने करीत आहोत. चवीचा निवाडा ज्याचा त्याने करावा. वाणाची परंपरा नेमकी कशात असते, बियांत, नावात की कथेत, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिला वाण ब्रँडीवाइन. फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स या बियाणे कंपनीने १८८९ मध्ये या नावाचा टोमॅटो विक्रीस आणला. त्याचे फळ लाल होते. आज ब्रँडीवाइन म्हटले की ज्याची आठवण होते तो मात्र गुलाबी, थोराड फळांचा आणि बटाट्यासारख्या अखंड कडांच्या पानांचा आहे. हा वाण १९८२ मध्ये ओहायोच्या बेन क्विझनबेरी यांच्याकडून ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’कडे आला. ही संस्था १९७५ मध्ये स्थापन झाली असून जुने वाण जपणे हेच तिचे कार्य आहे. क्विझनबेरींना हे बी सडथ घराण्यातून मिळाले होते आणि त्या घराण्यात ते सुमारे ऐंशी वर्षे चालत आले होते, असे सांगितले जाते. म्हणजे सूचीतले नाव एका रोपाचे आणि घराण्यातली परंपरा दुसऱ्या रोपाची. पुढे लोकांनी या दोहोंची मोट बांधून ‘१८८९ चा ब्रँडीवाइन’ असा एकच इतिहास रचला. एका नावाखाली दोन भिन्न संहिता वावरत असल्याचे उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही.

दुसऱ्या वाणाची कथा अधिक नाजूक आहे. १९९० मध्ये टेनेसीतील एका गृहस्थांनी क्रेग लहूलिए या बियाणेसंग्राहकांना एका निनावी टोमॅटोचे बी टपालाने पाठवले. हा वाण सुमारे शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आला, एवढीच माहिती सोबतच्या पत्रात होती. लहूलिए यांनी त्याला ‘चेरोकी पर्पल’ हे नाव दिले आणि त्या नावाने तो जगभर गेला. चेरोकी समाजातील बहुसंख्यांना १८३८-३९ मध्ये बळजबरीने पश्चिमेकडे हाकलण्यात आले. परंतु टेनेसीला लागून असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात त्यांची एक शाखा टिकून राहिली. त्यामुळे पत्रातील दावा अशक्य ठरत नाही. सिद्धही होत नाही. ज्या समाजाचे नाव फळाला मिळाले, त्याची स्वतःची साक्ष या कथेत कोठेच नाही, ही गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते.

तिसरा वाण मॉर्गेज लिफ्टर, म्हणजे गहाण सोडवणारा. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन गावी एम. सी. बाइल्स हे गृहस्थ मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करीत. त्यावरून त्यांना ‘रेडिएटर चार्ली’ म्हणत. मोठ्या फळांच्या निरनिराळ्या वाणांचा संकर आणि निवड करून त्यांनी हा टोमॅटो सिद्ध केला, एकेक रोप एका डॉलरला विकले आणि सहा वर्षांत घरावरील सहा हजार डॉलरांचे कर्ज फेडले. ही हकिकत त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितली आहे. तिन्ही कथांत कर्त्याचा आवाज ऐकू येतो तो येथेच. तरीही त्याच राज्यातील एस्टलर घराण्याचा याच नावाचा दुसरा वाण प्रचारात आहेच.

कथा अशा डळमळीत असताना रोप स्वतः काही साक्ष देते काय? देते. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून बी सहसा मूळ वाणावरच जाते. परंतु काही जुन्या, मोठ्या फळांच्या वाणांत कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते आणि मधमाशी परका पराग आणून टाकते. बटाट्यासारखे पान हा आनुवंशिकदृष्ट्या अप्रभावी गुण आहे. त्यामुळे गुलाबी ब्रँडीवाइनच्या रोपांत दातेरी पानाचे रोप उगवले, की भेसळ झाल्याचे फळ धरण्यापूर्वीच कळते. प्रक्षेप ओळखण्याची इतकी सोपी खूण पोथीत क्वचितच सापडते. गुलाबी आणि लाल फळांतील भेद मुख्यतः सालीचा असतो: लाल गरावर पिवळी साल असली की फळ लाल दिसते आणि रंगहीन साल असली की गुलाबी. चेरोकी पर्पलमध्ये पिकतानाही हरितद्रव्य पुरते नाहीसे होत नाही, म्हणून त्याला काळपट जांभळी झाक येते. मात्र रोपाची साक्ष येथे संपते. ते आपले गुण सांगते. आपण कोणाच्या हातून आलो हे सांगत नाही.

ते सांगण्याचे काम माणसाचे आहे, आणि ते न केल्याने काय होते याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा रुबी’ या वाणाच्या वंशावळीत दोन नावे आढळतात: अमेरिकेचा ‘सू’ आणि ‘सुधारित मीरुती’. दुसरे नाव मेरठची आठवण देते. पण तेथील कोणत्या बागायतदाराने ते बी किती पिढ्या राखले, हे वंशावळ सांगत नाही. वऱ्हाडात टोमॅटोला भेदरे म्हणतात. शब्द टिकला; परंतु त्या शब्दाने ओळखली जाणारी आंबट गावरान फळे किती प्रकारची होती, त्यांत कोणते वेगळे होते, याची नोंद करणारे पत्र कोणी कोणाला लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात. त्याची सोय आम्ही नाकारीत नाही; पण ज्या घरात बी राखणेच थांबते, तेथे नाव आणि हकिकत सांगण्याचा प्रसंगही थांबतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा निरनिराळ्या प्रती उपलब्ध होत्या, म्हणूनच ती शक्य झाली. परसबागेतही तेच खरे आहे. चेरोकी पर्पलचा इतिहास संशयास्पद असेल, पण संशय घेण्याजोगे एक पत्र तरी तेथे आहे. आपल्याकडे अजून कोणाच्या परसात गावरान टोमॅटोचे बी राखेत घोळून ठेवलेले असेल, तर त्या पुडीवर चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: बी कोणाकडून आले, कोणत्या साली, पान कसे, फळ कसे. ही नोंद उद्या चुकीची ठरली तरी चालेल. चूक शोधायलाही आधी नोंद असावी लागते.