फाटणे की फाडणे? एका व्यंजनाचा इतिहास

१/ कापड आपसूक फाटो वा कोणी फाडो, इंग्रजी 'टेअर' या एकाच क्रियापदावर दोन्ही अर्थ भागवते. मराठीने मात्र त्यांसाठी दोन स्वतंत्र शब्द राखले आहेत.

२/ दोहोंचे मूळ दुभंगण्याचा अर्थ असलेल्या संस्कृत 'स्फट्' धातूत सापडते. 'स्फाट्यते' या कर्मणी रूपातील जोडाक्षराचे प्राकृतात 'ट्ट' झाले, म्हणून मराठीत 'ट' टिकला: फाटणे. 'स्फाटयति' या प्रयोजक रूपातील एकटा 'ट' मृदू होऊन 'ड' झाला: फाडणे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे याच वळणाच्या जोड्या होत.

३/ वाक्प्रचारांतही हा भेद दिसतो. 'बुरखा फाडणे', 'डोळे फाडून पाहणे' यांत कर्ता ठळक असतो. 'काळीज फाटणे', 'आभाळ फाटणे' यांत तो नसतो. माणूस केवळ सोसतो. 'आभाळच फाटले, तर ठिगळ कुठे लावणार?' ही म्हण त्याच हतबलतेची.

४/ २६ जुलै २००५ रोजी मुंबईची उपनगरे याच शब्दांत बोलली. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३. शहरात ४०० हून अधिक माणसे दगावली.

५/ बोरीवलीच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. दहिसर आणि पोयसर या नद्या तिथे उगम पावतात व दाट वस्तीतून वाट काढत पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात. त्या दिवशी डोंगरातले पाणी याच वाटांनी उतरले.

६/ पुढे डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने कारणे तपासली. जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसासाठीच आखलेली होती. त्यात भरतीची वेळ, आणि नद्यांच्या पात्रांत भराव, अतिक्रमणे व कचरा.

७/ ९४४ मिलिमीटर पावसाला 'आभाळ फाटले' म्हणणे यथार्थच. पण नदीचे पात्र आपसूक अरुंद होत नाही. कोणीतरी भराव टाकते, कोणीतरी परवानगी देते, कोणीतरी दुर्लक्ष करते. एकाच शब्दात दोन्ही गोष्टी सांगितल्या की ही माणसे वाक्यातून निसटतात. 'ट' आणि 'ड' वेगळे ठेवणाऱ्या भाषेत त्यांच्याविषयी विचारणे अवघड नाही: काय फाटले, आणि कोणी काय फाडले?