कीबोर्ड, काळी दोन आणि एक छोटा सेल



मागच्या भागात आपण लग्नातल्या ब्रास बँडबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्यांचा मेसेज आला, "बँडवाल्यांचं सांगितलंत, आता ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याचंही सांगा. तुम्ही स्वतः वाजवायचात ना?"

हो, वाजवायचो. सांगलीत, एका हौशी वाद्यवृंदात, १९९२ पासून २००५ पर्यंत. दिवसा पतसंस्थेत कारकुनी आणि गणपती-नवरात्रात स्टेजवर. त्यामुळे आजचा भाग थोडा इतिहासाचा आहे आणि थोडा माझ्या एका चुकीचा. चूक तशी छोटी, रुपयाच्या नाण्याहूनही लहान. पण तिच्याकडे नंतर येऊ.

सुरुवात पेटीपासून करायला हवी, कारण आपल्याकडचा प्रत्येक कीबोर्डवाला आधी पेटीवाला असतो. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचं. मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवायची आपली पेटी नंतर कलकत्त्यात आकाराला आली, आणि त्यात द्वारकानाथ घोष यांचं नाव आदराने घेतलं जातं. मराठी संगीत नाटकाने तर पायाचा ऑर्गन आणि हाताची पेटी, दोन्ही घरचीच करून टाकली. १९११ च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते.

पण याच पेटीला १९४० मध्ये आकाशवाणीने बंदी घातली. आक्षेप असा की तिचे सूर ठोकळेबाज. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणजे मींड नाही, आणि बारीक श्रुती तर नाहीतच. ही बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. हा मींडेचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

पेटीने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे भाषा. आमच्या स्टेजवर 'सी शार्प' कुणीच म्हणायचं नाही. गायिका यायची आणि म्हणायची, "दादा, आज घसा बसलाय, काळी दोनच्या ऐवजी पांढरी दोन घ्या." बस्स, अर्धा स्वर खाली. पुढे कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आलं. बोटं पांढरी एकवरच ठेवायची आणि आकडा तीन केला की काळी दोन हजर! पेटीवाल्या म्हाताऱ्यांना ही शुद्ध लबाडी वाटायची. आम्हाला ती देवाची देणगी वाटायची.

आता विजेवरची पेटी. १९५४ चा 'नागिन' आठवा. त्यातली बीन ऐकून सिनेमागृहात नाग येतात अशा दंतकथा निघाल्या होत्या. ती बीन खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिनवर वाजवली होती. क्लॅव्हियोलिन हे १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेलं छोटं विद्युतवाद्य. एका वेळी एकच सूर निघायचा, पण तो सूर लांबवता यायचा, थरथरवता यायचा. संगीतकार होते हेमंतकुमार, आणि त्यांचे सहायक रवी यांनी सोबत पेटी वाजवली होती. म्हणजे बघा, जपानी कीबोर्ड येण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी परदेशी यंत्राला पहिलं काम सांगितलं ते पुंगीचं.

त्यानंतर जरा भराभर जाऊ. १९८० मध्ये कॅसिओटोन आलं, आणि पुढे घरगुती कीबोर्डला आपल्याकडे 'कॅसिओ' हेच नाव पडलं, कंपनी कुठलीही असो. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. त्याच वर्षी मिडी आलं, म्हणजे एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डशी एका वायरीने बोलायला लागला. १९८७ मध्ये रोलंडचा डी-५० आणि १९८८ मध्ये कोर्गचा एम-१. आता एकाच खोक्यात पियानो, व्हायोलिनचा ताफा, बासरी आणि ड्रमसुद्धा होते. शिवाय डाव्या हाताला पिचबेंडचं चाक किंवा दांडी होती. आकाशवाणीला पेटीत जी सापडत नव्हती ती मींड आता अंगठ्याखाली आली.

पण ही वाद्यं आपल्यापर्यंत यायची कशी? १९९१ च्या आधी आयातीवर बंधनं होती आणि कस्टमही जबर. कुणाचा मेहुणा आखातात, कुणाचा भाऊ बोटीवर, असं करत वाद्य यायचं. मुंबईतले कलाकार सेकंडहँड काढायचे, ते फिरत फिरत आमच्यासारख्यांकडे पोचायचे. आमचा कीबोर्ड १९९४ मध्ये असाच आला. सात जणांची वर्गणी आणि वर माझ्याच पतसंस्थेचं कर्ज.

तो आला तो थेट जपानचा होता. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. सरळ प्लगमध्ये लावला असता तर पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. आमच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख, ज्यांना सगळे दादाच म्हणायचे, त्यांनी तो पेटीतून बाहेरसुद्धा काढू दिला नाही. आधी मोटारी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर बांधून आणला. पाव मणाचा ठोकळा! तेरा वर्षांतली अर्धी हमाली मी त्या ठोकळ्याचीच केली.

दादांचा दुसरा नियम मीटरचा. मंडळाची वीज कुठून आकड्याने घेतलेली असायची, कुठे जनरेटर असायचा. न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या वायरीतही व्होल्टेज ४०० च्या दिशेने पळतं. दादा आधी मीटर लावायचे, मग नमस्कार, मग स्विच. एकदा इचलकरंजीजवळ मीटरवर ३१० दिसलं. मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "अहो, बल्ब तर छान पेटलेत!" दादांनी अर्धा तास कार्यक्रम थांबवला, शिव्या खाल्ल्या, पण प्लग लावला नाही. लाइटवाल्याच्या फेजवरून साउंड घ्यायचा नाही, नाहीतर डिमर फिरला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, हेही त्यांचंच. पी-३८ ची पिन ओढताना वायर नाही, पिन धरायची. कार्यक्रम संपला की कीबोर्डवर आधी धोतराचं जुनं मऊ कापड, मग रेक्झिनचं कव्हर. पट्ट्या दाबूनही वाजेनाशा झाल्या की आतल्या रबराचे काळे ठिपके स्पिरिटने पुसायचे, घासायचे नाहीत.

हे सगळं मी शिकलो. एक सोडून.

दादांचं खरं काम वेगळंच होतं. जपानी कीबोर्डमध्ये सनई नव्हती, तुतारी नव्हती, पुंगी नव्हती. ओबो होता, ट्रम्पेट होता. दादा दुपारी एकटे बसून ओबोचा सूर थोडा चिरका करायचे, सुरुवातीला फुंकर यावी म्हणून काहीतरी मिसळायचे, मींड किती खाली जावी ते ठरवायचे. असे चोवीस आवाज त्यांनी नऊ वर्षांत बनवले. पडद्यावर नावाला दहाच अक्षरं मावायची, तीही इंग्रजी. त्यामुळे नावं अशी : 'नागीण दोन', 'लग्नसनई', 'देवळातली'. एकाचं नाव 'नको' होतं. तो बिघडलेला आवाज त्यांनी पुसलाही नव्हता. आमच्या भागातले लोक म्हणायचे, यांची सनई वेगळी आहे. ती वेगळी होतीच, जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

दादा २००३ मध्ये गेले. ऑर्केस्ट्राही तसा थकत चालला होता. २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. सणाचे मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, पण पहाटेपर्यंत चालणारे कार्यक्रम संपले. नियमाला माझा विरोध नाही, आजारी माणसाच्या घराशेजारी आम्हीही वाजवलंय. त्यात गायकांना तयार ट्रॅक मिळायला लागले. एक सीडी आणि एक माइक, मग सात माणसं कोण बोलावणार?

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. आम्ही तिघांनी गुडघाभर पाण्यातून कीबोर्ड डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेला. माझं लग्नातलं कपाट भिजलं, कीबोर्डला थेंब लागला नाही. फार अभिमान वाटला होता. तिथेच कापडात, कव्हरमध्ये तो राहिला.

२०११ मध्ये दादांच्या मुलीचं लग्न ठरलं. म्हटलं, वडिलांची सनई वाजवू. ट्रान्सफॉर्मर लावला, मीटर बघितला, नमस्कार केला, स्विच दाबला. पडद्यावर बॅटरी संपल्याची सूचना, आणि नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं.

त्या पिढीच्या कीबोर्डमध्ये आत एक चपटा लिथियम सेल असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, आता घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वीज बंद असताना आपण बनवलेले आवाज त्याच्या जिवावर टिकतात. तो साधारण पाच-दहा वर्षं चालतो. संपला की मेमरी गेली. कंपनीचे मूळ आवाज परत भरता येतात, माणसाचे नाही. पुरातून वाचवलेलं वाद्य मी त्या एवढ्याशा सेलपायी आतून रिकामं करून ठेवलं होतं.

दादांच्या वहीत काही आकडे सापडले. त्यावरून 'लग्नसनई' आणि आणखी दोन आवाज मी परत भरले. लग्नात सनई वाजवली. काकू म्हणाल्या, "यांच्यासारखीच आहे रे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जवळपास."

मंडळी, मला यातून इतिहासाबद्दल एक गोष्ट कळली. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पण त्याची रेकॉर्ड निघाली होती, म्हणून ती २०१० मध्ये पुन्हा बाजारात आली आणि जगभर चर्चा झाली. हौशी ऑर्केस्ट्रांच्या रेकॉर्डी निघाल्या नाहीत. आमचा इतिहास कॅसेटींत, वह्यांत आणि अशा सेलांवर जगतोय. तो कुठल्या संग्रहालयात नाही, तुमच्या माळ्यावर आहे.

म्हणून आजच्या भागाचा गृहपाठ. घरात ऐंशी-नव्वदच्या दशकातला कीबोर्ड असेल तर सुरू करून बघा. आवाज शाबूत असतील तर आधी ते कार्डावर किंवा मिडीने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सेल बदलायला लगेच उघडू नका, कारण सेल काढताच मेमरी पुसली जाते. काही मॉडेलमध्ये तो डागलेला असतो, तिथे जाणकाराचाच हात लागू द्या. आणि ज्याने आवाज बनवले तो माणूस हयात असेल तर समोर बसून विचारा, हा असा का केलास? उत्तर रेकॉर्ड करा.

आमच्या कीबोर्डमध्ये आता नवा सेल आहे. आत तारखेची चिठ्ठी चिकटवली आहे. 'नको' मात्र परत आला नाही, त्याचे आकडे वहीत नव्हते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि प्लग लावण्याआधी मीटर बघा!