बुडालेल्या घरांचे दफ्तर

पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे जेऊर हे करमाळ्याला जाणाऱ्याचे उतरण्याचे स्टेशन. मी याच भागातला. इथून फार दूर नाही, तिथे उजनीचा फुगवटा पसरलेला आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्या पाण्याखाली करमाळा, इंदापूर या तालुक्यांतली अनेक गावठाणे गेली. दुष्काळी वर्षी पाणी फार उतरले की पलीकडच्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि लोक होड्या करून ते पाहायला जातात. दगडाचे देऊळ पाण्यात तग धरून राहिले. पांढऱ्या मातीची घरे मात्र विरघळली. ती आता असलीच तर दोनच ठिकाणी आहेत : म्हाताऱ्यांच्या आठवणीत आणि सरकारी कागदांत. या लेखाचा विषय ते कागद आहेत. पण वास्तूंची दफ्तरे टिकतात कशी, हे आधी पाहायला हवे.

पुण्याचा शनिवारवाडा घ्या. १० जानेवारी १७३० रोजी त्याच्या बांधकामाला आरंभ झाला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये आला. १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले. राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. वाडा गेला, तरी खर्चाचा आकडा राहिला, कारण त्या काळचे कागद राहिले. १८१८ नंतर कंपनी सरकारने पेशव्यांचे दफ्तर ताब्यात घेतले, ते काही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे, हे ठरवायला ते हवे होते. पुढे इनाम कमिशनचे कामही त्याच कागदांवर चालले. १८९१ च्या सुमारास दफ्तरासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गो. स. सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून आणले. म्हणजे हे दफ्तर आधी गरजेने जगले आणि जगले म्हणून पुढे अभ्यासाला मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. चार्ल्स कोरिया यांनी साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, मुंबईची कांचनजंगा इमारत, पुण्याची आयुका, पणजीची कला अकादमी अशा वास्तू घडवल्या. नवी मुंबईच्या आखणीतही त्यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, त्यांनी आपला संग्रह लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेला दिला. त्यात ६,००० हून अधिक रेखाटने होती. १८३४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला वास्तुसंग्रह सांभाळण्याचा मोठा अनुभव आहे. तिनेही २००४ मध्ये आपल्या रेखाटनांचा मोठा साठा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नेऊन ठेवला. संग्रह हलवणे हा तिथल्या कामाचाच एक भाग आहे.

कोरियांचे कागद परदेशी गेले याची मला हळहळ वाटते. सोलापूरच्या वास्तुकला महाविद्यालयातल्या मुलाने मूळ नकाशा पाहायचा म्हटले, तर तो पासपोर्ट कुठून आणणार? जुलै २०२३ मध्ये कला अकादमीचे नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. अशा वेळी मूळ रेखाटनांची गरज फक्त अभ्यासकाला नसते, गवंड्यालाही असते. तरीही कागद नेला म्हणून नुसती तक्रार करणे मला पटत नाही. तो ठेवायला आपण काय तयारी केली होती, हे आधी विचारावे लागते.

कारण नकाशांचे दफ्तर सांभाळणे सोपे नाही. ट्रेसिंग कागद जुना झाला की ठिसूळ होतो आणि घडीवर मोडतो. म्हणून तो रुंद, उथळ खणांत सपाट ठेवतात. निळी ब्लूप्रिंट उजेडात फिकी पडते. तिला अल्कली मानवत नाही, म्हणून इतर कागदांना उपकारक असलेले अल्कलीयुक्त वेष्टन तिला चालत नाही. अमोनिया प्रिंट शेजारच्या कागदांना डागाळते, म्हणून तिला वेगळे ठेवावे लागते. स्थलांतराचा पहिला नियम तर असा की यादी आणि क्रमांक झाल्याशिवाय एकही गठ्ठा जागचा हलवायचा नाही. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. गठ्ठे सुटले की कागद उरतात, दफ्तर उरत नाही.

आता उजनीकडे येऊ. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला ठरवायचा, तर घराचे मोजमाप आणि मूल्यांकन करावे लागे. आमच्या आजोळचा असा एक कागद घरच्या ट्रंकेत आहे. नऊ खणांचे माळवद, ढेळज, सोपा, एक बळद, तुळया किती, दारे किती, भिंतींची जाडी किती, सगळे एका पानावर. मूल्यांकन करणाऱ्याला फक्त रुपये काढायचे होते. पण ते करताना त्याने नकळत एका घराचे वर्णन लिहून ठेवले. असे घराघराचे कागद एकत्र मांडले, तर भीमाकाठच्या गावांची वास्तुकला समोर उभी राहील : कोणाची भिंत दगडी, कोणाची मातीची, कोणत्या आळीत वाडे आणि कोणत्या वस्तीत छपरे. कोणाच्या घराची किंमत किती कमी धरली गेली, हेही त्यात दिसेल. शनिवारवाड्याचा हिशेब ठेवायला कारकून होते. कुणब्याच्या, महाराच्या, कोळ्याच्या घराची नोंद सरकारदरबारी एवढ्या तपशिलाने बहुधा याच एका वेळी झाली, आणि तीही घर मोडण्याआधी.

महसुली अभिलेखात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा, बाकीचे मधले. निवाडा जपला जातो, कारण त्यावर दावे चालतात. त्यामागची मोजमापे मात्र काम संपलेला कागद ठरण्याचा धोका असतो. कचेरी नव्या इमारतीत जाते तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. जागा कमी, माणसे कमी आणि निर्णय एका दुपारी घ्यायचा असतो.

म्हणून माझे मागणे लहान आहे. बुडित गावांच्या घरांची मोजमापपत्रके गावनिहाय वेगळी काढून कायमच्या वर्गात ठेवावीत. हलवण्याआधी त्यांची यादी व्हावी. मूळ कागद जिल्ह्यात राहावेत आणि त्यांच्या छायाप्रती पुनर्वसित गावाच्या ग्रंथालयात द्याव्यात. तिथे अजून काही माणसे अशी आहेत, जी पान पाहून सांगतील की हे सवणे कोणत्या खणावर होते आणि त्यातून पडणारे ऊन दुपारी कुठवर येई. तेवढे कागदाच्या मागे लिहून घ्यावे. ही माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कागदाला अजून काही वर्षे आहेत, त्यांना तितकी नाहीत.