परगावी लेकीची खोली

बारावीचा निकाल लागला की प्रकाशात घरोघरी एक प्रश्न ऐकू येतो, ‘पोरीचा नंबर लागला खरा, पण ती राहणार कुठं?’ आज आम्ही त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली एक मुलगी नाशिकला नर्सिंगला गेली. वसतिगृहात जागा नव्हती. ओळखीच्या ओळखीनं एक खोली मिळाली. डिपॉझिट दिलं, त्याची पावती नाही. बोलणं सगळं तोंडी. तिसऱ्या महिन्यात भाडं वाढलं. रात्री उशिरा येते म्हणून घरमालकाची बोलणी सुरू झाली. एक दिवस ‘खोली रिकामी कर’ म्हणून सांगितलं, आणि डिपॉझिट काही परत आलं नाही. मुलगी घरी आली. तेव्हा आम्ही सगळ्याजणी काय म्हणालो? ‘बरं झालं माय, सुखरूप परत आली.’ तिचं शिक्षण तिथंच थांबलं, आणि त्यात आमच्या त्या वाक्याचाही वाटा होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीचा नंबर लागला आहे. तिच्या आईनं विचारलं, ‘आता काय करू?’ म्हणून आम्ही मागं वळून पाहायचं ठरवलं. आपल्या आधीच्या बायका परक्या गावात राहिल्या, त्या कुणाच्या आधारानं?

सुरुवात आपल्याच गावापासून करू. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं आपलं प्रकाशा. इथल्या टेकाडावर १९५५ साली बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ माणसं कुठून कुठून येऊन या काठावर राहिली आहेत. पुढे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. केदारेश्वराच्या दर्शनाला, घाटावर दशक्रियेला लांबून लोक येतात. परक्याला ओसरी देणं, धर्मशाळेत उतरवून घेणं आपल्याला नवं नाही.

पण जुन्या धर्मशाळेचा कायदा आठवून पाहा. जागा पुण्यासाठी दिलेली, म्हणून दोन-चार रात्रींपुरती. शिकायला किंवा कामाला आलेल्याला तिथं वर्ष काढता येत नसे. आणि दारात पहिला प्रश्न असे, ‘कोण तुम्ही? कुठले?’ त्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, तरच दार उघडत असे.

त्या प्रश्नानं काय होतं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याच्या दरबारी नोकरीला आले. बडोदा आपल्याला काही लांब नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात खोली मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. रोजचे दीड रुपया भाडे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं आली आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही काही ना काही कारण सांगितलं. मग ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. बडोद्याची नोकरी गेली, ती राहायला जागा नव्हती म्हणून. आजही आपल्या पोरी खोली बघायला जातात, तेव्हा आधी आडनाव विचारलं जातं. भिल्ल, पावरा, मावची घरातल्या मुलींना तर हे सांगायलाच नको.

पुरुषाची ही गत, मग एकट्या बाईची काय असेल? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परगावी एकटी राहणारी बाई म्हटली की लोक तिच्याकडे संशयानंच पाहत. नातेवाइकाचं घर नसेल तर तिला गावच सोडता येत नसे. म्हणून ज्यांनी बायकांना शिकवायचं मनावर घेतलं, त्यांना शाळेच्या आधी घराची सोय करावी लागली.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. ती शाळाही होती आणि राहण्याची जागाही. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. कोकणातून ती मुंबईला येऊ शकली, कारण तिचा भाऊ नरहरपंत तिथं होता. हीच गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी झाली, बाया कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. १८९३ साली धर्मांतराचा वाद पेटला आणि कितीतरी पालकांनी आपल्या मुली तिथून काढून घेतल्या. कोण चूक, कोण बरोबर, हे आज आम्ही ठरवत नाही. आमच्या मनात राहिलं ते एवढंच, की मोठ्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला आणि छप्पर गेलं मुलींचं.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. त्या काळी तिथं काहीच नव्हतं, पण बायकांना ती जागा आपली वाटली. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथं नर्सिंग शिकणाऱ्या बायकांच्या राहण्याचीही सोय केली गेली. आपल्या गल्लीतल्या पोरीला नाशिकमध्ये जे मिळालं नाही, ते शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं. शिकवणं आणि राहण्याची सोय ही दोन वेगळी कामं नाहीत, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

या संस्थांमध्ये सुरक्षितता होती, पण जागा मोजक्या होत्या. बाकीच्यांचं काय? मुंबईच्या गिरणगावाकडे बघा. कोकणातून, घाटावरून हजारो माणसं कामाला आली. एकाच गावची माणसं मिळून एक खोली घेत आणि पाळीपाळीनं तिच्यात झोपत. १८९६ ला प्लेग आला तेव्हा या दाटीवाटीचं भयानक रूप दिसलं. दोन वर्षांनी सरकारनं सुधार ट्रस्ट नेमला, त्याच्या चाळी झाल्या. १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली एक खोली म्हणजे सुमारे एकशे साठ चौरस फूट, आणि त्यात अख्खं कुटुंब.

या सगळ्यात बाई कुठं होती? ती त्या माणसांना जेवू घालत होती. खानावळवाल्या बायकांनी गिरणगाव पोसलं. पण खोली आणि भाड्याचं पुस्तक बहुधा नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं बँकेच्या कागदावर त्यांचं स्वतःचं नाव लागलं. कागदावर नाव लागणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास सरकारचंही लक्ष इकडे गेलं. १९७२-७३ पासून केंद्र सरकारनं नोकरी करणाऱ्या महिलांच्या वसतिगृहांना मदत द्यायला सुरुवात केली. आज त्याच योजनेला ‘सखी निवास’ म्हणतात. तिचा एक नियम आम्हाला फार आवडला. एकटीच्या खोलीचं भाडं पगाराच्या पंधरा टक्क्यांहून अधिक नको, दोघींच्या खोलीत दहा टक्के, आणि मोठ्या दालनात साडेसात टक्के. जेवणाचा खर्च वेगळा. आम्ही हिशेब केला. महिना बारा हजार मिळवणाऱ्या मुलीला दोघींच्या खोलीत बाराशे रुपये. बाहेर या भावात खोली मिळणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण परवडणारं भाडं कशाला म्हणायचं, याचं माप हाती आलं.

आदिवासी मुलामुलींना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. दोन्ही २०१६-१७ मध्ये सुरू झाल्या. सुरुवातीला मुंबई-पुण्यासाठी वर्षाला साठ हजार आणि लहान शहरांसाठी त्याहून कमी असा हिशेब होता. आपल्या जिल्ह्यात हे माहीत नसलेली घरं अजून खूप आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाड्याचा पहिला कायदा मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात आला, मग १९४७ चा आला. त्यांनी जुन्या भाडेकरूला संरक्षण दिलं. पण पुढे मालक नव्या माणसाला खोली द्यायला कचरू लागले, पागडी वाढली, आणि ‘अकरा महिन्यांचा करार’ सुरू झाला. सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं ५५ वं कलम प्रत्येक आईनं पाठ करावं. भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालकानं नोंदणी केली नाही, तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते.

हे वाचलं तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आपल्या पोरीकडे करार नव्हता, म्हणून आपली बाजू लंगडी, असं समजून आम्ही तिला परत आणलं होतं. कायदा तर उलट तिच्या बाजूनं बोलत होता. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असंही आम्ही समजत होतो. तसं नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आता ऑनलाइनही होते. सुरतला जाणाऱ्या बहिणींनी मात्र लक्षात ठेवा, गुजरातचा कायदा वेगळा आहे, तिथं वेगळी चौकशी करा.

मागं वळून पाहिल्यावर आम्हाला एक गोष्ट दिसली. पूर्वी परगावी बाईला जागा मिळे ती ओळखीवर. कुणाचा भाऊ, कुणाची जात, कुणाचा शब्द. ओळख वाईट नसते. कर्व्यांच्या गोदूबाईला तिच्या भावाचाच आधार होता. पण नुसती ओळख कधी फिरेल याचा भरवसा नाही. म्हणून आधीच्या बायकांनी संस्था उभ्या केल्या आणि पुढे कायदे झाले. आपण मात्र अजून ओळखीवरच थांबलो आहोत.

धाकटीच्या आईबरोबर आम्ही यंदा असं ठरवलं आहे. आधी सरकारी आणि कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज, मुदतीच्या आत. ते नाही झालं तर खोली, पण दोघी-तिघींनी मिळून. आमच्यातल्या दोघी आधी जाऊन जागा बघतील. दिवसा बघतील आणि अंधार पडल्यावरही त्या रस्त्यानं चालून बघतील. दाराला आतून कडी आहे का, संडास कुठं आहे, पाणी किती वेळ येतं, शेजारी कोणी बाई आहे का, हे विचारतील. पैसे बँकेतून देऊ, म्हणजे नोंद राहील. रोख दिले तर पावती घेऊ. परत जायची वेळ आणि पाहुण्यांचा नियम करारातच लिहून घेऊ.

आणि काही बिनसलं, तर यावेळी आम्ही ‘परत ये’ म्हणणार नाही. ‘तिथंच थांब, आम्ही येतो’ म्हणू. सकाळच्या एसटीनं नाशिक काही लांब नाही.

मोठी बहीण परवा आमच्यात येऊन बसली होती. करारात काय काय लिहायचं, याची यादी तिनंच आम्हाला सांगितली, एकही मुद्दा न विसरता.