जनरेटर आपणहून बंद पडतो तेव्हा

या खेपेला पोस्टिंग दिल्ली कॅन्ट. बर्फ नाही, वाळू नाही, पिकेट नाही, तेव्हा इथून काय लिहिणार असं वाटलं होतं. (युनिट विचारू नका, नेहमीप्रमाणे सांगणार नाही.) पण विषय सापडला तो मेहुणीच्या सोसायटीच्या तळघरात, आणि तोही माझ्या ट्रेडमधला.

आधी थोडं गावाकडचं. आमचं गाव पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीच्या अंगाला. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्करचं इंजिन होतं. वडील डिकॉम्प्रेशनचा खटका वर करायचे, हँडल गरगर फिरवायचे आणि वेग आला की खटका सोडायचे. बंद करायचं म्हणजे डिझेलचा रॉड ओढून धरायचा. मी लहानपणी विचारलं होतं, चावी का नाही? डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबल्याने हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. त्यामुळे ते थांबवायचे मार्ग दोनच: डिझेल तोडा नाहीतर हवा तोडा. आमच्या इंजिनाला थंड करणारं पाणी पंपाच्याच पाइपातून यायचं. पंपाने पाणी सोडलं की इंजिनही कोरडं पडायचं, आणि वडील बांधावर असले तर पिस्टन जाम. त्या इंजिनाचं सेफ्टी म्हणजे वडिलांचा कान.

पुढे खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरमध्ये आलो. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली याच खडकीत सुरू झाली. १९६२ मध्ये पुण्यातच कमिन्सबरोबर भागीदारीत मोठ्या इंजिनांचा कारखाना आला. आज गुरुग्राम, नोएडात जनरेटरच्या खोलीचं दार उघडलं की पुष्कळदा पुण्याचीच नेमप्लेट दिसते. परमुलखात गावचा माणूस भेटावा तसं वाटतं.

दिल्लीला या यंत्रांची सवय लागली ती विजेच्या रडकथेमुळे. १९५८ पासून महापालिकेच्या अखत्यारीतलं ‘डेसू’, १९९७ पासून दिल्ली विद्युत बोर्ड, १ जुलै २००२ पासून खाजगी वितरण कंपन्या. जुने दिल्लीकर सांगतात, नव्वदच्या दशकात लाजपतनगर, करोलबागेत संध्याकाळी दिवे गेले की फुटपाथवर दुकानागणिक छोटा जनरेटर फटफटू लागायचा. त्यातले बरेच रॉकेलवरचे. सुरू पेट्रोलवर करायचा, तापला की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा. नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहून दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखायचे. पुढे गुरुग्रामला टॉवर उभे राहिले ते ‘पॉवर बॅकअप’ जाहिरातीत छापूनच. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचला उत्तर ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यासोबत पूर्वेची आणि ईशान्येचीही गेली, साठ कोटींहून अधिक लोक अंधारात. त्यानंतर जनरेटरला कोणी चैन म्हणेनासं झालं.

इंधनाची गंमत सांगतो. सोसायट्यांतली डिझेलची टाकी बऱ्याचदा ९९० लिटरची असते. हजार का नाही? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नाही आणि एकूण साठा २५०० लिटरच्या आत, एवढं पाळलं तर परवाना लागत नाही. तेव्हा दहा लिटर कमी ठेवून सगळे निर्धास्त.

मोठ्या सेटवर वडिलांच्या कानाचं काम तीन गोष्टी करतात. ऑइलचा दाब घसरला, पाणी फार तापलं किंवा वेग मर्यादेबाहेर गेला, की पॅनेल डिझेलचा सोलेनॉइड सोडतं आणि सेट थांबतो. चांगल्या रचनेत सोलेनॉइडला वीज मिळत असेतोवरच डिझेल वाहतं, म्हणजे वायर तुटली तरी सेट बंद. उलटी रचनाही असते, थांबवण्यासाठी वीज द्यावी लागते. तिथे बॅटरी मेली की थांबवणाराही मेला.

आता ती रात्र. जून, वीज गेलेली, साडूंचा फोन, “जनरेटर चालू होतोय पण वास विचित्र येतोय.” मी तिथेच मुक्कामाला होतो, खाली उतरलो. ऑपरेटर पोरगा बिहारचा, बिचारा घामाने निथळत होता. म्हणाला, “फौजी साहब, बार बार बंद हो रहा था, तो डायरेक्ट कर दिया.” ऑइल प्रेशर स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा लावून पॅनेलला गप्प केलं होतं. मी सेट थांबवायला लावला आणि डिपस्टिक काढली. वाटलं होतं ऑइल कमी असेल. ते वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, पाण्यासारखं पातळ, आणि डिझेलचा वास मारत होतं. फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल खाली संपमध्ये उतरत होतं. पातळ ऑइलला दाब कुठून येणार? स्विच खरंच सांगत होता. त्याहून वाईट म्हणजे असा भरलेला संप ब्रीदरवाटे इंजिनात ओढला गेला, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. मग सोलेनॉइड तोडून काही होत नाही, हवेचं तोंडच बंद करावं लागतं, तेही तिथे उभं राहायची छाती असेल तर.

मी म्हटलं, हा सेट आज चालणार नाही. तेवढ्यात सोसायटीचे एक पदाधिकारी आले. त्यांचंही चुकत नव्हतं. नवव्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते आणि छोट्या इन्व्हर्टरची बॅटरी उतरत आली होती. “लगा दो वायर, आधा घंटा चला लो,” ते म्हणाले. खरं सांगतो, क्षणभर माझाही हात वायरकडे गेला. त्याच तळघरात तीस-चाळीस गाड्या उभ्या होत्या आणि वर जाणारा जिना तिथूनच निघत होता.

मला उपहार आठवलं. १३ जून १९९७, ग्रीन पार्क. त्याच दिवशी लागलेला ‘बॉर्डर’ बघायला लोक आले होते, लोंगेवालाचा सिनेमा. तळमजल्यावरच्या पार्किंगला लागून विद्युत बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर होता. सकाळीच त्याची तात्पुरती दुरुस्ती झाली होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास केबल सुटून ठिणग्या उडाल्या, तेल गळून पेटलं, गाड्या पेटल्या, धूर जिन्याने बाल्कनीत. ५९ माणसं गेली. त्यांत ६१ कॅव्हलरीचे कॅप्टन भिंडर होते, पत्नी आणि लहान मुलासह. त्या ट्रान्सफॉर्मरवर बिघाड होताच वीज तोडणारे रिले नव्हते, हे पुढे खटल्यात आलं.

वायर लावली नाही. साडू आणि मी जवळच्या नर्सिंग होममधून सिलिंडर आणला आणि लिफ्ट बंद असल्याने नऊ मजले खांद्यावर चढवला. चौथ्या मजल्यानंतर साडूंनी नुसती टॉर्च धरली, हे त्यांच्या परवानगीने लिहितोय. आजोबांच्या सूनबाईंनी दार उघडलं तेव्हा कॉन्सन्ट्रेटर बीप करत होता. वीज दोनच्या पुढे आली. सकाळी पंप बदलला, ऑइल बदललं, सेट सुरळीत.

दुकानातल्या छोट्या पेट्रोल सेटबद्दलही विचारणा होते, म्हणून लिहितो. त्यात ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा स्विच असतो. तो इंजिन वाचवतो, माणूस नाही. बंद खोलीत, शटर अर्धं ओढून सेट चालवला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि सेट मजेत चालत राहतो. अमेरिकेत २०१८ च्या मानकापासून हा वायू साठला की आपोआप बंद होणारे सेट आले. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये ते आहे असं गृहीत धरू नका, सेट बाहेर उघड्यावर ठेवा.

सोसायटीत सध्या वेगळाच वाद चालू आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदूषणापायी दिल्लीत डिझेल सेटवर पहिल्यांदा हंगामी बंदी आली, २०१९ मध्ये ती शेजारच्या शहरांपर्यंत पोचली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून एनसीआरमध्ये अटी पाळणारेच सेट चालतात: धूर गाळणारं यंत्र बसवा नाहीतर गॅस-डिझेल दोन्हीवर चालणारा करा. दुसऱ्या प्रकारात साधारण सत्तर टक्के गॅस, तीस टक्के डिझेल. डिझेल लागतंच, कारण गॅस नुसत्या दाबाने पेटत नाही, त्याला डिझेलचा फवारा पेटवतो. म्हणजे आता तोडायला दोन इंधनं. सभेत खर्चावर दोन तास भांडण झालं. गॅसचा शटऑफ व्हॉल्व्ह कुठे बसणार, हे फक्त त्या ऑपरेटर पोराने विचारलं. उत्तर कोणाकडे नव्हतं. रविवारी मला बोलावलंय, जाईन.